नळीतली सळई

“सायकलीला जोतीरामबिगर कुणाचा हात लागू द्यायचा न्हाय,” असं दत्तोबा सांगून गेले, त्याला सहा वर्षं झाली. आज त्यांची बायको विजयमाला, भवानीनगरजवळच्या उपकेंद्रातली नर्स, जोतीरामच्याच दुकानात बाकड्यावर बसली होती.

दूध घालणाऱ्या दत्तोबांची सायकल ती, जड. कालव्याच्या भरावाचा चढ आला की विजयमालेला उतरून ढकलावी लागायची. मागच्या साली तशीच ढकलत ती धनगरवस्तीवर पोचली, तोवर तिथल्या सारजाचं पहिलं बाळ गेलं होतं. आता सारजाला पुन्हा नववा लागला होता. या खेपेला वेळेत येईन, असा शब्द विजयमालेनं दिला होता. नवी सायकल परवडणारी नव्हती. आहे तीच हलकी करायची.

जोतीरामनं जड स्टँड, डायनामो, कॅनचे हूक काढले. मोडीतल्या एका सायकलीची ॲल्युमिनियमची चाकं चढवली. चेनकव्हरला पाना लावला तशी तिनं चेनमध्ये अडकणाऱ्या साडीच्या काठाकडं बोट दाखवलं.

“मग तुमीच जरा हलक्या व्हा, बाई.”

“सोमवार धरते, दोन एकादश्या धरते. आणि काय सोडू?”

हसत त्यानं सीट उपसली आणि नळीत डोकावला. सायकल उलटी करून ठोकल्यावर नळीतून हातभर लांबीची गंजकी सळई खाली पडली.

“मीच ठोकली हुती,” तो म्हणाला. “नळीला तडा गेलता. दत्तोबा म्हणला, घरी सांगू नगंस, ती कॅन न्हेऊ द्यायची न्हाय.”

“मागनं मला तरी सांगायचं.”

“ध्यानातच ऱ्हायलं न्हाय.”

विजयमालेनं सळई उचलून पाहिली. मागच्या सालचा चढ हीही तिच्याबरोबर चढली होती. तिनं ती बाकड्यावर ठेवली.

“तड्याला वेल्डिंगचा टाका मारतो. पर कॅनचं वझं आता न्हाय पेलायचं.”

“न्हेणारा गेला की.”

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पोथी वाचत असताना दूधगाडीवाला दारात थांबला. सारजाला कळा लागल्या होत्या.

बारा वर्षांत अध्याय कधी अर्धा सुटला नव्हता. विजयमालेनं पानात दोरा ठेवला, पोथीला हात जोडले. मग पेटी कॅरेजला बांधली, पदर खोचला आणि सायकल कालव्याच्या रस्त्याला लावली.