मामंजी माळ्यावर झोपले होते

“पोल्डी, आजच्या आज निघ. सीमेपलीकडे जर्मनीत बहिणीकडे जा,” व्लास्ता कुंपणावरून म्हणाली होती. ती चेक, पोल्डी जर्मन; प्रागला कॉलेजात असताना दोघी एकाच खोलीत राहिलेल्या.

पोल्डी हसली. “अगं, आम्ही कुणाचं काय वाकडं केलंय? तुझ्यापेक्षा बरं चेक बोलते मी!”

“माझ्या भावाला तुमच्या पोलिसांनी नेलं, त्यानं तरी काय केलं होतं? तू खिडकीचा पडदा ओढून घेतलास. पाहिलं मी.”

पोल्डीनं बाळाच्या दातांचा विषय काढला.

दुसरं महायुद्ध संपून, चेक मुलखावरचा जर्मनांचा ताबा सुटून महिना झाला होता. नवऱ्याचा आघाडीवरून पत्ता नव्हता. एका दुपारी एक चेक बंदूकवाला दारोदार ओरडत आला, “सगळे जर्मन चौकात! घराला कुलूप लावा, किल्ली सोबत आणा!”

“कशाला हो?”

“नोंदणीला.”

म्हणजे तासाभराचं काम. तिनं दंडावर जर्मनांना सक्तीची केलेली पांढरी पट्टी बांधली, बाळाला उचललं. सासरे, वेन्डेलिन, बिअरसाठीची हॉप्सची फुलं वाळवायच्या माळ्यावर घोरत होते. ठार बहिरे, आणि हात धरल्याशिवाय जिना उतरता येत नसे. मामंजींना कशाला उन्हात ताटकळत ठेवायचं? तिनं उठवलं नाही. दार ओढलं, सांगितल्याप्रमाणे कुलूप घालून किल्ली घेतली.

चौकात किल्ल्या बादलीत टाकायला लावल्या. टेबल नाही, कारकून नाही. पुढची माणसं चालू लागली, आणि तो रस्ता सीमेचा होता. ही नोंदणी नव्हती, हकालपट्टी होती.

“अहो, माझे सासरे आत आहेत! कुलूप लावलंय मी!” ती चेकमध्ये किंचाळली.

“वा! आता आमची भाषा गोड लागायला लागली का बाईसाहेबांना? चला, पुढे व्हा!”

गर्दीच्या कडेला व्लास्ता दिसली.

“व्लास्ता! मामंजी माळ्यावर राहिलेत गं!”

व्लास्ताची नजर बादलीकडे वळली. तेवढ्यात मध्ये एक घोडागाडी आली, आणि मागच्या लोंढ्यानं पोल्डीला पुढे रेटलं.

आता सीमेपलीकडे, निर्वासितांना ठेवलेल्या एका शाळेत, जमिनीवर पसरलेल्या गवतावर बाळाला घेऊन ती बसलेली असते. बहिणीचं घर बाँबहल्ल्यात गेलेलं. सीमा ओलांडून तिच्या गावाकडे जाणारं कुणीही दिसलं की ती बाही धरते. तुमचीही धरील.

“तिकडे निघालात ना? गिरणीमागचं हिरव्या दाराचं घर. हाका मारू नका, त्यांना ऐकू येत नाही. सरळ वर जा. पाया पडते, तेवढं बघून या हो.”