मंगळवारची खोली

"समुंदर रैने दो साब, समुंदर हमारे इधर भी हाय. हॉस्पिटल कितना लांब हाय, वो बोलो."

अंबाजीने फोनवर अंदमानच्या हॉटेलवाल्याला मध्येच तोडलं. दहा मिनिटं तो बिचारा झुलते पाळणे, माडाखालचं जेवण आणि उशीवरून दिसणारा सूर्योदय घोळवून घोळवून सांगत होता. त्याने "बाद में करता हूं" म्हणून फोन ठेवला. अंबाजीने वहीतल्या यादीतलं चौथं नाव खोडलं.

"अवो, तो खोली इकतोय आनि तुमी त्याला इस्पितळ इचारताय," खाटेवर उशीला टेकून बसलेली सुचिता हसत म्हणाली. "हनिमूनला जानारा मानूस आसं इचारील का कधी?"

"मी काय हनिमूनला चाललोय?"

"मी चाललेय," सुचिता म्हणाली.

अंबाजी म्हसळ्याच्या पोस्टात होता. पोस्टमन म्हणून लागला, खात्याची परीक्षा देऊन काउंटरवर आला आणि येत्या मेअखेरीस साठ पूर्ण होऊन घरी बसणार होता. सरकारी नोकराला काही वर्षांतून एकदा कुटुंबासह देश बघून यायची सवलत मिळते. ती घेऊन अंदमानला जायचा बेत दोघांनी तीनदा केला आणि तिन्ही वेळा तो बोंबलला. एकदा मुलाची, सम्यकची दहावी आडवी आली, एकदा अंबाजीच्या आईचं दुखणं, एकदा लॉकडाऊन. आता नोकरीचे शेवटचे तीन-चार महिने उरले होते, आणि मध्ये सुचिताच्या मूत्रपिंडांनी राजीनामा दिला होता. दोन वर्षं झाली, दर सोमवारी आणि गुरुवारी माणगावला डायालिसिस. एसटीने जायचं, चार तास मशीनला जोडून घ्यायचं, एसटीने परत यायचं.

अंदमानच का, याला कारण अंबाजीच होता. लग्न नवं होतं तेव्हाची गोष्ट. येसूबाई नावाच्या म्हातारीचा मुलगा बोटीवर नोकरीला होता. तिला वाचता येत नसे, म्हणून पत्र देणाऱ्याने ओट्यावर बसून वाचूनही दाखवायचं, असा रिवाज होता. अंदमानहून आलेल्या एका पत्रात त्याने लिहिलं होतं, 'आई, इथे कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी पायाची बोटं मोजता येतात.' कुणाच्या पत्रातला मजकूर बाहेर बोलायचा नाही, हा पोस्टमनचा धर्म. अंबाजीने तो आयुष्यात एकदाच मोडला, जेवताना, नव्या बायकोपुढे. सुचिता मुरुडची. तिकडचं पाणी गढूळ, घोटाभर उतरलं की पाय दिसेनासे होतात. तिने ते वाक्य त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि त्या दिवसापासून ते तिच्या मनात जे घर करून बसलं ते बसलंच.

डॉक्टरांनी फेब्रुवारीत जायला परवानगी दिली होती, पण सोमवार-गुरुवार चुकवायचा नाही या अटीवर. म्हणजे सोमवारी पोर्ट ब्लेअरच्या इस्पितळात डायालिसिस, मंगळवारी बोटीने हॅवलॉक बेटावर, बुधवारी दुपारी चारच्या बोटीने परत, गुरुवारी पुन्हा मशीन. बेटावर मुक्काम फक्त एका रात्रीचा. एकच रात्र असल्यामुळे खोली निवडण्यात चूक होऊन चालणार नव्हती.

पनवेलहून सम्यकने फोनवर आणखी अकरा ठिकाणं पाठवली. "पप्पा, रिव्ह्यू बघा ना! साडेचार स्टार आहेत, बेस्ट लोकेशन!"

"हे स्टार देनारे कोन, त्यांचे पाय सुजतात का?" अंबाजीने विचारलं. "किती पावलं चालायला लागतं, ते लिव्हलंय का कुनी?"

सुचिताला शंभर पावलांवर धाप लागत होती. खोली तळमजल्यावर हवी, पायरी नको, संडास बसायचा हवा आणि पाणी जवळ हवं. फोटोंत सगळंच जवळ दिसत होतं. शेवटी अंबाजीने तेच केलं जे पोस्टातल्या माणसालाच सुचलं असतं. त्याने खात्याच्या यादीतून त्या बेटावरच्या पोस्टाचा नंबर काढला आणि थेट पोस्टमास्तरला फोन लावला. गावातलं कुठलं घर कसं आहे, हे घरमालकाहून पोस्ट जास्त जाणतं, अशी त्याची पक्की समजूत होती.

मंडलबाबू नावाचे ते पोस्टमास्तर बंगाली निघाले. समोर खात्यातला माणूस आहे म्हटल्यावर असे मोकळे झाले की अंबाजीचा जेवणाचा डबा तसाच राहिला. अकरापैकी सहा ठिकाणं त्यांनी तिथल्या तिथे निकालात काढली. कुठे चढ होता, कुठे पायऱ्या होत्या, एका ठिकाणी तर समुद्र अर्धा मैल चालून गाठायचा.

संध्याकाळी अंबाजीने घरून पुन्हा फोन लावला, तेव्हा सुचिताने खाटेवरून हात पुढे केला. "माझा एक सवाल इचारा. ओहोटीला पानी किती लांब जातं?"

मंडलबाबू खूश झाले. "भाभीजी समुद्राकडच्या आहेत वाटतं! टुरिस्ट लोक हे विचारतच नाहीत आणि मग चिखलातल्या दगडांवर बसून रडतात." उरलेल्या पाचांतली चार ठिकाणं ओहोटीने खाल्ली. पाचवं त्यांना स्वतःलाच पसंत नव्हतं. मग म्हणाले, यादीत नसलेलं एक ठिकाण आहे. शेफालीदी म्हणून एक बाई आहे, तिच्या घरामागे दोन खोल्या आहेत, इंटरनेटवर नाव नाही. तिची पेन्शन मीच देतो. दारापासून पाणी किती लांब ते उद्या चालून बघून सांगतो.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. बेचाळीस पावलं, सावलीतून.

"बेचाळीस," सुचिता म्हणाली. त्यानंतर आठवडाभर ती अंगणात माप घेतल्यासारखी चालत होती. खाटेपासून तुळशीच्या कुंडीपुढच्या फाटकापर्यंत बेचाळीस भरत होती, आणि फाटकाला हात लावला की ती मागे वळून अंबाजीकडे अशी बघायची की त्याला तिचं विशीतलं तोंड आठवायचं. बॅग भरून झाली. नव्या चपला आल्या. शेजारच्या नीराबाईला तिने बेटाची एवढी माहिती दिली की नीराबाई म्हणाली, "तू जाऊन आलीयस का जायाचीयस?"

जायच्या सोळा दिवस आधी तिला पहाटे श्वास घेता येईना. माणगावला नेलं, पाणी काढलं, श्वास लागला. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "आता आठवड्यातून तीनदा. सोमवार, बुधवार, शुक्रवार. आणि काकी, प्रवास आता नको. अजिबात नको."

दोघं एसटीने घरी निघाले. सम्यकचा फोन आला. "मम्मी, टेन्शन घेऊ नको. पुढच्या वर्षी जाऊ, आरामात जाऊ." तिने फोन अंबाजीकडे दिला. सुचिता खिडकीबाहेर बघत होती आणि अंबाजीला तिच्याकडे बघायचा धीर होत नव्हता. आपण त्या तीन वेळा आडव्या आलेल्या कारणांपैकी एखाद्याला तरी झिडकारायला हवं होतं, असं त्याला वाटत होतं, आणि वाटून आता काही उपयोग नव्हता.

घरी आल्यावर तो फोन घेऊन बसला. "इमान रद्द करतो. बोट रद्द करतो. शेफालीदीलाबी सांगतो."

"इमान करा, बोट करा," सुचिता म्हणाली. "खोली नको."

"मग तिथं ऱ्हानार कोन?"

"कुनी नको. मंगळवारची खोली माझी हाय. निवडायला किती दिस घालवले आपन!"

हे मंडलबाबूंना हिंदीत कसं सांगायचं, हे अंबाजीला कळेना. त्याने कसंबसं सांगितलं. मंडलबाबू म्हणाले, शेफालीदी चादर बदलून ठेवील.

बेटावरून परतायचा तो बुधवार आला. माणगावच्या डायालिसिसच्या खोलीत सुचिता पाठ टेकून पडली होती. राही नावाच्या नर्सने तिच्या हाताला सुया लावल्या, मशीन सुरू केलं आणि ती पलीकडच्या रुग्णाकडे गेली. अंबाजी स्टुलावर बसला.

"काल दुपारी पोचलो ना आपन?" सुचिता डोळे मिटून म्हणाली.

"कुठं?"

"आसं काय करताय? काल मंगळवार व्हता."

अंबाजी सरळ माणूस. मनचं काही रचून सांगणं त्याला जमत नसे. पण मंडलबाबूंनी सांगितलेलं सगळं त्याच्याकडे होतं, अगदी वहीत लिहिलेलं होतं. तो सांगू लागला. "व्हय, पोचलो. जेट्टीवरनं रिक्षा केली. दोन वळनं घेतली नि डाव्या हाताला सुपारीची बाग."

"खोली?"

"निळं दार हाय. उंबऱ्याला पायरी न्हाय. खिडकी पूर्वेला."

"जेवायला काय व्हतं?"

"ते मी इचारलं न्हाय," अंबाजी प्रामाणिकपणे म्हणाला. मग उठला, फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात गेला आणि पाच मिनिटांनी परत आला. "भात आनि मोहरी लावलेला मासा. डाळ बी व्हती."

"मला मासा मोजून खायाचा आसतो."

"काल पोटभर खाल्लास तू."

सुचिता हसली. तिच्या डोळ्यांच्या कडेतून पाणी कानाकडे गेलं, ते अंबाजीने आपल्या रुमालाने टिपलं. त्यालाही रडू येत होतं, पण सांगायचं बरंच राहिलं होतं. सकाळी शेफालीदीने चहा दिला. कोंबडी दारात आली. मग दोघं सावकाश निघाले, झाडांच्या मुळ्या चुकवत, ती मध्ये एकदा थांबली, त्याने हात दिला. वाळूवर पडलेलं एक खोड होतं, त्यावर बसले. समोर पाणी.

"उतरू या का?" त्याने विचारलं.

"आधी बसू. घाई काय हाय."

बसले. तो मधूनमधून पाण्याचं सांगत होता. मशीन गुरगुरत होतं. राही येऊन रक्तदाब बघून गेली, म्हणाली, "काकी, आज छान वाटताय तुम्ही." अंबाजीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. सवयीने त्याने पायाशी ठेवलेली पिशवी उचलली.

"सुचिता, चारला बोट हाय. निघाया पायजे आता."

ती तशीच डोळे मिटून पडून राहिली.

"जेट्टीवर आधी जायाला लागतं. बोट चुकली तर उद्याचं मशीन..." तो थांबला.

"चुकू दे," सुचिता म्हणाली.

अंबाजीने पिशवी परत खाली ठेवली आणि स्टूल तिच्याजवळ ओढून घेतलं.