ओसरीवरची इंग्रजी

मी एक जुना आरसा आहे. मित्रांनो, माझ्या वरच्या कोपऱ्यातला पारा उडाला आहे, त्यामुळे माझ्यात पाहणाऱ्याचा डावा कान कधीच नीट दिसत नाही. पण ओठ, दात आणि जीभ मात्र स्वच्छ दिसतात. माझ्या साऱ्या आयुष्याचं चीज याच तीन गोष्टींनी केलं.

माझी काच मुंबईहून गवतात गुंडाळून रेल्वेनं सोलापूरला आली. महादेवप्पा नावाच्या पत्र्याच्या कारागिरानं रॉकेलचा डबा कापून मला चौकट केली आणि तिच्यावर दोन पोपट ठोकले. डब्यावरची इंग्रजी अक्षरं माझ्या पाठीवर तशीच राहिली. एकोणीसशे एकोणतीसच्या संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या मोठ्या जत्रेत, त्यानं मला दोरीवर टांगलं. दिवसभर किती चेहरे पाहिले म्हणून सांगू! कुणी मिशीला पीळ दिला, कुणी कुंकू सारखं केलं, आणि सगळे पुढे निघून गेले.

संध्याकाळी एक उंच, सावळी बाई माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या कपाळावर विभूती होती. तिचं नाव रुद्राणी. ती मूळची कुंभारी गावची. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा तापानं गेला, म्हणून ती शहरात येऊन बायकांच्या दवाखान्यात आया झाली होती. तिनं मला हातात घेतलं तशी शेजारची बाई म्हणाली, "अगं, रांडमुंड बाईला आरसा कशाला?"

रुद्राणी मुळीच चिडली नाही. ती हसून म्हणाली, "तोंड हाय तवर आरसा लागतोच की!"

मित्रांनो, त्या एका वाक्यावर मी तिचा झालो.

दवाखान्यातल्या आयांच्या खोलीत तिनं मला खिळ्याला लावलं. रुद्राणी मराठी तिसरी शिकलेली होती. कानडी तर तिची घरचीच भाषा. इंग्रजी अक्षरं तिनं औषधाच्या बाटल्यांवरून एकेक करून जमवली होती. पेशंटचा ताप ती अचूक मोजायची, त्यामुळे घाईच्या दिवशी मेट्रनबाई तिला वहीत एखादी ओळ लिहू देत. तिथेच घोटाळा झाला.

करकंबच्या गोजरबाई तापानं आजारी होत्या. एके दिवशी सकाळी त्यांचा ताप उतरला. रुद्राणीनं आनंदानं वहीत लिहिलं, 'फीवर इज लेफ्ट'. तिला म्हणायचं होतं, ताप सोडून गेला. पण त्या इंग्रजीचा अर्थ होतो, ताप अजून उरला आहे. डॉक्टरांनी वही वाचली आणि आणखी दोन दिवस नुसती भाताची पेज द्यायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी खरा प्रकार कळला तेव्हा गोजरबाई खाटेवर उठून बसल्या.

"दोन दिस मला उपाशी मारलंस व्हय गं? हितं भाकरीच्या वासानं जीव कासावीस झाला, आन् तुजं विंग्रजी मला पेज पाजतंय!"

वॉर्डातल्या सगळ्या बायका हसल्या. रुद्राणीही हसली, पण खोलीत आल्यावर माझ्यासमोर उभी राहून तिनं डोळे पुसले. मेट्रनबाई तिच्या मागोमाग आल्या. त्या म्हणाल्या, "रुद्राणी, तुझ्या हाताला गुण आहे. वर्षभरात इंग्रजी लिहायला आणि बोलायला शिकलीस तर नर्सच्या परीक्षेला तुझं नाव पाठवीन. नाही जमलं तर आयाच राहशील. आणि तोवर वहीला हात लावायचा नाही."

एका वर्षात इंग्रजी! शिकवणार कोण? तिला ना शाळा होती, ना मास्तर.

पण गोजरबाईंच्या शेजारच्या खाटेवर अनसूयाबाई नावाच्या बाळंतीण होत्या. त्यांचे यजमान शरच्चंद्र रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. अनसूयाबाई पुण्याला मॅट्रिक झालेल्या, आणि उशाशी कायम इंग्रजी पुस्तक. बाळंतपण अवघड गेलं तेव्हा तीन दिवस रुद्राणीनं त्यांची सेवा केली होती. त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "माझ्याकडे येत जा. मी शिकवीन तुला."

सव्वा महिन्यानंतर, दुपारची पाळी सुटली की, रुद्राणी मला पिशवीत घालून अनसूयाबाईंच्या घरी जाऊ लागली. त्यांच्या सासूबाई, रुक्मिणीबाई, सोवळ्याच्या कडक होत्या. दवाखान्यात काम करणारी बाई घरात यायची नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. म्हणून शाळा भरली ती ओसरीवर. मला खांबाच्या खिळ्यावर टांगलं. अनसूयाबाईंनी साबणाच्या वडीनं माझ्या काचेवर त्या दिवसाचा शब्द लिहिला. असा रोज एक शब्द. रुद्राणीला आपला चेहरा आणि तो शब्द एकदमच दिसायचा.

लिहिण्याचा नेम अनसूयाबाईंनी सोपा ठेवला. रोज सहा ओळी, त्याही आपण डोळ्यांनी पाहिलेल्या. 'आज एका बाईला जुळं झालं.' 'आज नळाला पाणी नव्हतं.' चूक झाली की त्या खाली रेघ मारत, पण उत्तर सांगत नसत. "तूच शोध," म्हणत. रुद्राणी मान खाली घालून शोधत बसायची आणि सापडलं की मांडीवर थाप मारायची. दोन महिन्यांत चुकांच्या रेघा निम्म्यावर आल्या.

बोलण्याच्या वेळी माझं काम पडायचं. 'थ्री' म्हणताना जीभ दातांमध्ये आली पाहिजे, असं अनसूयाबाईंनी पुस्तकात वाचलं होतं. रुद्राणीच्या तोंडून 'ट्री' येई. मग दोघी माझ्यासमोर गालाला गाल लावून जिभा बाहेर काढून बसायच्या. एकदा नेमक्या तेव्हाच रुक्मिणीबाई देवळातून आल्या. सून दारात जीभ काढून बसलेली पाहून त्यांनी हातातलं तबक तिथंच खाली ठेवलं.

"अगं अनसूये, काय झालं तुला? काढा देऊ का?"

अनसूयाबाईंनी लाजत सगळं सांगितलं. "एवढंच ना?" म्हणून रुक्मिणीबाईही माझ्यासमोर वाकल्या. त्यांचे पुढचे दोन दात पडलेले होते. जीभ आपोआप बाहेर आली आणि त्यांनी असा सुरेख 'थ्री' म्हटला की दोघी टाळ्या वाजवू लागल्या. रुक्मिणीबाईंना तो शब्द इतका आवडला की दिवेलागणीपर्यंत त्या घरभर 'थ्री, थ्री' करत हिंडल्या. दुसऱ्या दिवसापासून रुद्राणीला ओसरीवर गुळाचा खडा आणि पाणी मिळू लागलं. पुढच्या महिन्यात तर त्यांनीच आतून हाक मारली, "बाहेर ऊन तापलंय. आत येऊन बसा दोघी." त्या दिवसापासून मला माजघराचा खिळा मिळाला.

पण मित्रांनो, मला एक गोष्ट दिसत होती, आणि ती आणखी कुणाला दिसत नव्हती. अनसूयाबाई पुस्तकातलं वाक्य माझ्यासमोर खणखणीत वाचत. पुस्तक मिटलं की मात्र त्यांचे ओठही मिटत. अखेर एके दिवशी त्यांनी ते रुद्राणीला सांगितलं.

"मागं स्टेशनापाशी एका मडमेनं मला रस्ता विचारला. उत्तर माझ्या मनात तयार होतं गं, व्याकरणासकट. पण एखादा शब्द चुकला तर, असं वाटलं आणि जीभच उचलेना. मी पदर ओढून निघून गेले. मॅट्रिक झाले, पण जिवंत माणसाशी इंग्रजीतलं एक अक्षर बोलले नाही."

रुद्राणीनं वही बाजूला ठेवली. मग म्हणाली, "बाई, मी हितं आले तवा मला तेलगू येत न्हवतं. तेलगू बोलणाऱ्या इणकर साळ्यांच्या बायका बाळंतपणाला यायच्या. मी चुकतमाकत बोलायची, त्या पोट धरून हसायच्या आन् बरोबर शब्द सांगायच्या. चुका की! तुमी चुकल्या तर मी हसंन, एवढंच हुईल."

त्या दिवसापासून शिकवणारी आणि शिकणारी यांची अदलाबदल झाली. लिहिताना अनसूयाबाई मास्तरीण, बोलताना रुद्राणी. रुद्राणी पेशंट होऊन चटईवर कण्हत पडायची आणि अनसूयाबाईंनी डॉक्टर होऊन इंग्रजीत विचारपूस करायची. थांबायचं नाही, शब्द अडला तर हातवारे करायचे, पण मराठीत यायचं नाही, हा रुद्राणीचा नियम. पहिल्या दिवशी अनसूयाबाईंच्या कपाळावर घाम आला. महिन्याभरानं त्या पेशंटला रागावूही लागल्या.

परीक्षा जवळ आली तशी रुद्राणी लिहिण्यात बुडाली आणि मी माजघराच्या खिळ्यावर विसरला गेलो. तीन महिने माझ्यावर धूळ साचली. एक चिमणी रोज येऊन माझ्यातल्या चिमणीशी भांडायची, तेवढीच मला सोबत. पावसाळ्याच्या ओलीनं तेव्हाच माझ्या कोपऱ्यातला पारा उडाला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तिची वही भरत होती, म्हणून मी मनाला समजावलं.

परीक्षेच्या दिवशी मात्र रुद्राणीनं मला खिळ्यावरून काढून पदरानं पुसलं आणि पिशवीत घातलं. लेखी पेपर सकाळी झाला. दुपारी दवाखान्याच्या मोठ्या खोलीत तोंडी परीक्षा होती. पुण्याहून एक डॉक्टर मडम आल्या होत्या. अनसूयाबाई व्हरांड्यात बाकावर बसल्या. मी रुद्राणीच्या मांडीवर, पिशवीच्या अंधारात. दिसत काही नव्हतं, पण सगळं ऐकू येत होतं.

रुद्राणीच्या आधी एक मुलगी होती. मडम भराभर काही विचारत आणि ती मुलगी प्रत्येकाला 'येस मॅडम' म्हणत होती. मग रुद्राणीचं नाव पुकारलं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तिनं नीट दिली. तिसरा प्रश्न मडमनी असा झरझर विचारला की मलासुद्धा फक्त वारा गेल्यासारखं वाटलं. रुद्राणीनं पिशवी छातीशी घट्ट धरली. आता हीही 'येस मॅडम' म्हणणार, असं वाटलं.

ती म्हणाली, "सॉरी मॅडम. आय डिड नॉट अंडरस्टँड. प्लीज से अगेन. स्लोली."

मडमनी खुर्ची पुढे ओढली आणि एकेक शब्द सुटा करून प्रश्न पुन्हा विचारला. प्रश्न असा होता, की डॉक्टरांनी औषधाचा हुकूम दिला आणि तो नर्सला नीट कळला नाही, तर तिनं काय करावं?

रुद्राणीला हसू फुटलं. "मॅडम, आय डिड इट नाऊ!"

मडम मोठ्यानं हसल्या. मेट्रनबाईही हसल्या. मडम म्हणाल्या, न समजता हो म्हणणारी नर्स पेशंटचा जीव घेईल, मला अशीच विचारणारी हवी. त्यांनी कागदावर काही लिहिलं आणि रुद्राणीला स्वतः दारापर्यंत पोचवायला आल्या. रुद्राणीनं तेवढ्यात मला पिशवीतून बाहेर काढलं होतं, तोंडावरचा घाम पुसायला. म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

मडमनी इंग्रजीत विचारलं, "तुला हे कुणी शिकवलं?" रुद्राणीनं बाकाकडे बोट दाखवलं. अनसूयाबाई उठून उभ्या राहिल्या. मडम त्यांच्याकडे पाहत होत्या. अनसूयाबाईंचा हात पदराकडे गेला, थांबला आणि खाली आला. ओठ उघडले.

"आय टॉट हर टू राइट," त्या म्हणाल्या. मग मान वर करून, आणखी मोठ्यानं, "अँड शी टीच्ड मी टू स्पीक!"

"बाई, टॉट!" रुद्राणी ओरडली.

एकाच वाक्यात एकदा बरोबर आणि एकदा चूक! अनसूयाबाई लाजेनं मरतील असं मला वाटलं. पण त्या खळखळून हसल्या, आणि हसतच मडमशी पंधरा मिनिटं बोलत उभ्या राहिल्या.

रुद्राणी पास झाली. डोक्याला पांढरा रुमाल बांधून ती वॉर्डातून फिरू लागली आणि रात्रंदिवस वही लिहू लागली. आता मी दवाखान्यातल्या नर्सांच्या खोलीत असतो. नव्या मुली येतात, कुणी कुर्डुवाडीची, कुणी अक्कलकोटची. अनसूयाबाई बुधवारी त्यांना शिकवायला येतात.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा डागाळलेला आरसा भिंतीवर असेल. त्याच्यावरून कधीमधी ओलं फडकं फिरवा, त्याला बरं वाटेल. आणि कुणी नवी भाषा बोलताना अडखळलं तर त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत त्याच्या डोळ्यांकडे पाहत थांबा. मी काच आहे, मला फक्त पाहता येतं. तुम्हाला मात्र त्याला अडलेला शब्द देता येतो.