फुकटची हवा

हवा फुकट असते, या एका गोष्टीवर पांढुर्ण्यात कधी मतभेद नव्हता. पाण्यावरून भांडणं होत, शेताच्या धुऱ्यावरून होत, जाम नदीच्या अलीकडच्या-पलीकडच्यांची तर दरसाल ठरवून होत. पण हवेवरून कोणी कोणाचं डोकं फोडल्याचं ऐकिवात नव्हतं. त्यामुळे यशवंतरावांच्या रेच्यात, म्हणजे जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात, हवेवर चालणारं यंत्र आलं तेव्हा ती हवा जपून वापरायची असते असं कोणाच्या मनात आलं नाही. गुणवंता मिस्त्रीच्या मनात आलं होतं. पण मिस्त्रीच्या मनात काय आलं हे विचारायची पद्धत त्या कारखान्यात नव्हती.

यंत्राला सगळे 'पाय' म्हणत, कारण ते पायाचं काम करी. कापसातून सरकी निघाली की उरलेल्या रुईची गाठ बांधायची असते, आणि गाठ बांधायच्या आधी ती रुई एका खोल लाकडी पेटीत दाबून बसवावी लागते. हे दाबण्याचं काम इतकी वर्षं माणसं करत. वरून रुई पडायची आणि पेटीत उतरलेले गडी ती तुडवत राहायचे. दिवाळीनंतर पेटीत उतरलेला गडी होळीपर्यंत कापूसच श्वासात घ्यायचा. गुणवंताचा मोठा भाऊ देवीदास त्यातलाच. गुणवंता शाळेत जात होता तेव्हा तो पेटीत उतरला. गुणवंता छिंदवाड्याच्या आयटीआयमधून मिस्त्री होऊन परत आला तेव्हाही पेटीतच होता. आता देवीदास खोकायचा असं म्हणणं बरोबर नव्हतं. खोकलाच देवीदासला वागवत होता.

म्हणून गुणवंतानं मालकाच्या मागं लागून लागून हे यंत्र आणायला लावलं होतं. मालकाला त्यानं भावाच्या छातीचं सांगितलं नव्हतं. गाठी जास्त निघतील एवढंच सांगितलं होतं. मालकाला कोणती भाषा समजते हे ओळखायला आयटीआय लागत नाही.

यंत्राची अक्कल तशी साधी. कॉम्प्रेसर नावाचं एक धूड मोटरीवर धापा टाकत बाहेरची हवा ओढतं, दाबतं आणि लोखंडी टाकीत कोंबतं. मोकळी असताना हवा कोणाच्या अध्यात नसते. कोंबली की मात्र तिला बाहेर पडायची घाई होते, आणि वाट दिली की वाटेत येईल त्याला ती ढकलते. तेव्हा वाटेत दट्ट्या ठेवायचा. दट्ट्या खाली जातो, त्याला लावलेला पाय पेटीतली रुई दाबतो. मग खालच्या बाजूनं हवा सोडली की पाय वर. वापरलेली हवा फुस्स करून निघून जाते, आणि तेवढीच नवी हवा कॉम्प्रेसरला पुन्हा कोंबावी लागते. अट एकच होती. टाकीवरच्या, दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा सातावर पाहिजे. तो पाचावर आला की पाय अर्ध्यातच थबकायचा, जिना चढताना आपण कशाला निघालो होतो हे विसरलेल्या माणसासारखा.

आणि काटा पाचावरच असायचा.

याची सुरुवात केसरबाईनं केली. केसरबाई रेच्यावरच्या बायांची म्होरकी. यंत्रातली रुई झटकायला गुणवंतानं टाकीला एक रबरी नळी जोडली होती. एका संध्याकाळी केसरबाईनं ती नळी आपल्याच डोक्यावर धरली. क्षणात रुई उडाली आणि केस काळे झाले. मग लुगडं, मग पाठ. मग बाकीच्या बायांनी रांग लावली. वर्षानुवर्षं या बाया रोज संध्याकाळी म्हाताऱ्या होऊन घरी जात आणि न्हाणीत तरुण होत. बाजारातून जाताना दुकानदार 'रेच्याच्या बाया आल्या' म्हणून उघडी पोती झाकून घेत. आता त्या आल्या हे दुकानदारांना कळेना. आठवडी बाजारात केसरबाईला एका बांगडीवाल्यानं 'बसा, बाई' म्हटलं. हे तिनं कितीतरी दिवस सगळ्यांना सांगितलं.

त्यावर बोलायची गुणवंताची छाती झाली नाही. आणि बायांना नाही म्हटलं नाही, तर बाकीच्यांना कोणत्या तोंडानं म्हणायचं? सायकलींच्या चाकांत हवा भरायला अर्धं पांढुर्णा फाटकातून येऊ लागलं. सौंसरहून कापूस आणणारे ट्रकवाले टायर इथंच भरून घेत. मॅनेजर सुधाकरराव रोज सकाळी फायलींवरची धूळ हवेनं उडवत. ती समोरच्या टेबलावर बसे, मग तिथूनही उडवत. दुपारच्या जेवणाच्या वेळी हमाल नळी अंगरख्यात सोडून झोपत. कोणाला एक शब्द बोललं की उत्तर ठरलेलं होतं: मिस्तरी, हवाच तर आहे न.

पण हे सगळं मिळूनही काटा सहाच्या खाली आला नसता. सहाच्या खाली काटा नेला बापूजींनी.

बापूजी म्हणजे यशवंतरावांचे वडील. कारखान्याच्या भिंतीपलीकडं त्यांची संत्र्याची बाग होती. शेतीच्या लाइनीला वीज यायची मध्यरात्री, आणि कारखान्याच्या लाइनीला दिवसा. तेव्हा बापूजींनी कुठंतरी ऐकलं की विहिरीच्या तळाशी दाबाची हवा सोडली तर बुडबुड्यांसोबत पाणी आपसूक वर चढतं. खरंच चढतं. गुणवंतानंच भिंतीला भोक पाडून पाइप टाकून दिला होता, कारण मालकाचे वडील 'दे' म्हणाले होते. त्या एका पाइपातून जितकी हवा जाई, तितक्या हवेवर साऱ्या पांढुर्ण्याच्या सायकली हिवाळाभर पळाल्या असत्या.

यंत्र ट्रायलवर होतं. पाय अडकतो अशी तक्रार यशवंतरावांनीच कंपनीला कळवली आणि कंपनीचा इंजिनीयर सोमवारी नागपूरहून येतो असा निरोप आला. यशवंतरावांनी गुणवंताला ऑफिसात बोलावलं. त्यांचा आवाज कधी चढत नसे. त्याची त्यांना गरजच पडत नसे.

"सोमवारी चाललं तर ठेवू, नाही तर वापस पाठवू," ते म्हणाले. "पाय म्हणशील, तर आपल्याजवळ माणसाचे रगड आहेत."

गुणवंता बाहेर आला. पेटीपासून थोडं दूर देवीदास झाडू घेऊन उभा होता. पाय आल्यापासून तुडवणाऱ्या गड्यांना झाडलोटीला लावलं होतं. त्यानं पेटीकडं पाहिलं आणि पुन्हा झाडू लागला.

पुढचे दिवस गुणवंता साबणाचं पाणी घेऊन पाइपांवर फिरला. जिथं बुडबुडा येई तिथं सुतळी, सफेदा, जुन्या ट्यूबचे तुकडे. यंत्राची गळती अशी थांबते. माणसांच्या गळतीला साबण लागू पडत नाही. सायकलवाल्यांना त्यानं कॉम्प्रेसरची हवा गरम असते, ट्यूब फाटते, असं सांगून पिटाळलं. सुधाकररावांना, इंजिनीयरच्या देखत फडकं वापरलं तर बरं दिसेल असं सुचवलं; ते पटलं, कारण त्यात त्यांच्या इज्जतीचा प्रश्न होता. राहिली केसरबाई.

तिला तो रेच्याच्या मागं, सरकीच्या ढिगाजवळ भेटला. सोमवारी नळी काढून ठेवतो म्हणाला. तिनं काहून म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं पहिल्यांदाच खरं कारण सांगितलं: काटा सातावर नाही राहिला तर देवीदासदादा पुन्हा पेटीत.

केसरबाईनं पान थुंकलं. "तुया भावाची छाती ते छाती. आमची काय रुईची गादी हाय?"

"तसं नाई म्हणून राहिलो मी."

"म्हणून नाई राहिला, पण करून राहिला," ती म्हणाली. मग तोंड पुसून, "सोमवारचा दिवस देतो आम्ही. एकच. पण बुढ्याच्या बागेचं सांग. त्याची चावी बंद करशीन का तू? का आमचीच नळी दिसते तुले?"

गुणवंतानं करीन म्हटलं. खोटं बोलला असता तर बरं वाटलं असतं.

सोमवारी इंजिनीयर आला. बिचारा भला माणूस होता. सकाळच्या पॅसेंजरनं डुलक्या खात आला होता आणि संध्याकाळच्या पॅसेंजरनं तसाच जाणार होता. तो चहा पीत होता तेवढ्या वेळात गुणवंता भिंतीजवळ गेला आणि बागेच्या पाइपाची चावी आवळून आला. फाटकाबाहेर दोन सायकलवाले उगीच उभे होते. बाया कामावर होत्या, डोक्यावर पांढऱ्या.

काटा सहावर आला, रेंगाळला, सातावर चढला. गुणवंतानं दांडा ओढला. पाय खाली गेला तो पेटीच्या तळाची खबर घेऊन वर आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. फुस्स. फुस्स. देवीदास झाडू टेकवून बघत होता. इंजिनीयरनं दोन-चार गाठी बांधून पाहिल्या आणि यंत्रात काही दोष नाही, तक्रार कशाची होती तेच कळलं नाही, असं म्हणाला. यशवंतरावांनी गाठींकडं पाहिलं आणि मान डोलावली. यंत्र राहिलं.

आणि तेवढ्यात मालकांच्या बंगल्यावरचा नोकर सांगत आला की बापूजी विचारतात, आज पाणी काहून नाही.

यशवंतरावांनी गुणवंताकडं पाहिलं. गुणवंतानं चावी बंद केल्याचं सांगितलं. मालक रागावले नाहीत. रागावले असते तर पुढं काही बोलता आलं असतं. ते न्यायी माणूस होते. त्यांनी तिथल्या तिथं न्याय करून टाकला. हवा वाया जाते हे दिसलंच, तेव्हा बायांची नळी आजपासून बंद. आणि बाग काही सुकू द्यायची नाही. सकाळी हवा पायाला, दुपारनंतर बागेला. दुपारनंतर गडी पेटीत उतरतील. अर्धा दिवस यंत्र, अर्धा दिवस माणूस. कोणाचंच नुकसान नाही.

रात्री जेवताना गुणवंतानं भाकर तशीच ताटात ठेवली. देवीदासच त्याची समजूत घालू लागला.

"अर्धाच दिवस हाय न गुणवंता," तो म्हणाला. "मंग खोकला बी अर्धाच राहीन." आणि हसला, हसण्याचा खोकला झाला, आणि तो काही अर्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुणवंता चावीपाशी गेला. चावी उघडली, पण पुरती नाही, करंगळीएवढी. मग भिंतीला वळसा घालून बागेत गेला. बापूजी विहिरीच्या काठी खुर्ची टाकून बसले होते. पाइपाच्या तोंडातून पाणी ठिबकत होतं, गरिबाच्या कढीसारखं.

बापूजींनी विचारलं, हे असं काय. गुणवंतानं चपला काढल्या आणि हात जोडून उभा राहिला.

"मालक, फागुन लागला. ऊन तापलं की दुपारची हवा पातळ होते. दाबली तरी जोर नाई धरत."

हे अगदीच खोटं नव्हतं. आयटीआयच्या पुस्तकात असं काहीसं होतं; किती, ते मात्र तो विसरला होता. बापूजींनी झाडांकडं पाहिलं. मग आपल्या छातीवर हात ठेवून म्हणाले, "बरोबर हाय तुयं. दुपारी मले बी दम पुरत नाई. हवाच पातळ."

त्यांनी मुलाला बोलावून सांगितलं की बागेला हवेचं पाणी उन्हाळ्यात कामाचं नाही, ही हवा त्या पायालाच दे. यशवंतरावांना वडिलांचा शब्द मोडायची सवय नव्हती. दुपारीही पाय चालू राहिला. तुडवणारे गडी पेटीच्या काठापर्यंत जाऊन परत आले. देवीदासनं पुन्हा झाडू उचलला. गुणवंता पत्र्याच्या सावलीत बसला आणि कितीतरी दिवसांनी त्यानं निवांत बिडी ओढली.

ती विझायच्या आत सुधाकरराव मालकाचा पुढचा हुकूम घेऊन आले. झाडं तर जगवावीच लागतील. तेव्हा रेच्याचं काम सुटल्यावर बायांनी घरी जायच्या आधी विहिरीवरून चार-चार घागरी बागेत टाकून जायच्या. बंगल्यावरून घागरी दिल्या जातील. म्हणजे तशी कोणाची तक्रार राहायला नको.

संध्याकाळी बाया रांगेनं विहिरीकडं गेल्या. नळी नव्हती, त्यामुळे केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर रुई तशीच. घागरीचं पाणी हिंदकळून अंगावर सांडे तिथं रुई ओली होऊन चिकटून बसे. केसरबाई शेवटची होती. भिंतीच्या भोकाजवळ गुणवंता उभा दिसला तशी थांबली. डोक्यावरची घागर उतरवली नाही.

"हवा पातळ झाली म्हणे," ती म्हणाली.

गुणवंता वाटेतून बाजूला सरला.

"बुढ्याले पटलं?"

"पटलं."

बायांच्या नळीसाठीही असंच एखादं कारण तिला पाहिजे होतं, ते त्याला कळत होतं. आणि ते आपल्याजवळ नाही हेही कळत होतं. आत गाठींचं काम अजून चालू होतं, पाय वर-खाली होत होता. काटा सातावर होता.

"देवीदासभाऊ रात्री झोपते का आता?" तिनं विचारलं.

"काल नाई झोपला. आज झोपन."

केसरबाईनं घागर डोक्यावर नीट बसवली.

"मंग राहू दे पातळच," ती म्हणाली आणि झाडांकडं गेली.