पांढऱ्या मातीचे डोहाळे

दर गुरुवारी महबूबा बीबीच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नसायची. समोर बाई बसली की बीबी तिच्या मनगटावर रुमाल टाकून नाडी धरायची, डोळे मिटायची आणि एकदम ओरडायची, "लपवू नकोस! पांढरी माती चोरून खातेस. पोटात जीव आहे!" बाई लाजून लाल, सासू खूश, आणि अंगणभर "या अल्ला!"

त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा. मी सबोहत, सगळ्यांची खाला, म्हणजे मावशी. उझबेकिस्तानातल्या कोकंदच्या बाजारात माझं सुक्या मेव्याचं दुकान, आणि कोपऱ्यात पांढऱ्या मातीचे खडे. आमच्याकडे डोहाळे लागले की बायका तेच चघळतात. बीबीची बहीण रोज सकाळी माझ्याकडे चहाला यायची. "काय हो खाला, नवीन कोण?" असं तिनं विचारायचा अवकाश, माती कोणी नेली ते मी भडाभडा सांगायची. बीबीचं ज्ञान कुठून येतं ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण माझ्या एका शब्दावर अख्खं अंगण डोलतं, याची चटक लागली होती मेली!

मग मी आमच्या गल्लीतल्या नोदिराचं नाव सांगितलं. आठवड्यात तीनदा माती नेली होती पोरीनं. बीबीनं जाहीर केलं, "मुलगा! चाळीस दिवस दवाखान्याची पायरी चढायची नाही." सासूनं गल्लीला पुलाव घातला. मीही दोनदा वाढून घेतला.

पंचविसाव्या दिवशी नोदिरा तंदूरपाशी कोसळली. दवाखान्यातली पन्नाशीची नर्स दिलोरोम धावत आली. तिनं पोरीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, लघवीची तपासणी केली. "हिला दिवस गेलेलेच नाहीत. अंगात रक्त नाही. पाळी त्यानंच लांबली, माती खावीशी वाटते तीही त्यानंच. महिन्यापूर्वी आली असती तर गोळ्यांवर भागलं असतं."

यावर बीबी काय म्हणाली? "मूल होतं. हिनंच गिळलं!"

सासूनं नोदिराचं गाठोडं बांधायला घेतलं. "शुक्रवारी माहेरी चालती हो, अवदसे!"

मी तडक दवाखाना गाठला. दिलोरोमपुढे मी सगळं ओकले. ती म्हणाली, "रडून काय होतंय, खाला? उद्या त्या बहिणीला सांगा, दिलोरोमनं माती नेली म्हणून."

गुरुवारी दिलोरोमनं बीबीपुढे हात केला. "दोन वर्षं पाळी नाही, बीबी."

रुमाल पडला, डोळे मिटले. "हं... पांढरी माती! या वयात? मुलगा आहे!"

"दोन वर्षांपूर्वी माझी गर्भपिशवी काढली, बीबी. हा मुलगा काय पाठीत वाढतोय?"

अंगण खदाखदा हसलं. मला हसू येईना. मी उठले. "बायांनो, नाडीबिडी काही नाही. माती कोण नेतं ते मी हिच्या बहिणीला सांगते, बहीण हिला सांगते. नोदिराचं नावही मीच दिलं. त्या पोरीचा काडीचाही दोष नाही!"

"तुझी जीभ झडेल!" बीबी किंचाळली. झडू दे म्हटलं.

नोदिराची सासू खाली मान घालून घरी निघाली, मी तिच्या मागोमाग. तिनं गाठोडं सोडलं. मी अंथरुणाशी बसून नोदिराची माफी मागितली. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "खाला, मला चक्कर येते असं दुकानात मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं."

सांगितलं होतं. मी डोळा मारून हसले होते.

बायांनो, पाळी चुकली, मळमळलं, छाती जड झाली, तर दिवस गेले असतील, नसतीलही. ते रुमालाखालून कळत नाही, तपासून कळतं. माती खावीशी वाटली तर आधी रक्त तपासा. आणि शेजारची पोर चक्कर येते म्हणाली, तर हसू नका. तिचा हात धरा आणि दवाखान्यात न्या.