बि-४ ऊर्फ बबिता

बबिता सोमवारी मेली. पण ते सोडा. तसं काही झालंच नाही असं धरून चला, कारण इलियासही तसंच धरून चाललाय.

तर बबिता ही बिबट्याची मादी. आष्टीजवळच्या वन्यप्राणी केंद्रात तिच्या पिंजऱ्यावर ‘बि-४’ असं रंगवलेलं, आणि तिला मटण घालणाऱ्या इलियासच्या तोंडी ‘बबिता’. कागदाला आकडा, तोंडाला नाव, ही तिथली रीतच. गेल्या आठवड्यात तिनं खाणं टाकलं, हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या पडल्या. डॉक्टर स्वप्नालीताईंनी रक्त काढलं आणि नळीवर चिठ्ठी लावायला इलियासला सांगितलं. त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं : बबिता.

शनिवारी त्याच नावानं रिपोर्ट आला. गोचिडांमुळं जंतू रक्तात शिरलेत, औषध लगेच द्या. इलियासनं गोळ्या आणून बकऱ्याच्या काळजात लपवल्या. बबितानं काळीज हुंगलंसुद्धा नाही. आता सुईच हवी, आणि सुईला कार्यालयाची मंजुरी.

“देतो की,” कारकून सुंदरराव म्हणाले, “पन ह्या बबिताबाई कोन?”

“बि-चारच की, साहेब. हाताच्या सवयीनं नाव लिवलं.”

“आमच्याकडं ह्या नावाचं जनावर न्हाई. रक्त परत तपासायचं तर आठ दिवस. त्यापरीस नावबदलाचा अर्ज कर. खाली अर्जदाराचा अंगठा.”

“वाघरू हाय ते, साहेब!”

“म्हनून तर सही मागितली न्हाई.”

रविवारी इलियास शाईचं पॅड घेऊन गजांशी, तिच्या पंजासमोर बसला. याच पंजानं तिनं दिवाळीत त्याची बाही बनियनसकट नेली होती.

“दे गं माय.”

तिनं दिला. म्हणजे काढून घेतला नाही. ठसा इतका सुबक उठला की इलियासला घाम फुटला.

“गुरगुर की गं थोडी,” तो म्हणाला. “लई न्हाई, थोडीच.”

सोमवारी सकाळी सुंदररावांनी चष्मा वर करून ठसा पाहिला. “हा डावा हाय. बाईमानसाचा उजवा लागतो.”

इलियास पळत परत आला. बबिता आडवी होती, उजवा पंजा गजांबाहेर. ठसा घ्यायला काहीच अडचण आली नाही.

संध्याकाळी नावबदल मंजूर झाला. मंगळवारी औषध आलं. इलियासनं पुन्हा अर्ज केला :

“बि-४ ऊर्फ बबिता हिचं औषध मंजूर होऊन प्राप्त झालं आहे. तरी तिच्या मृत्यूची तारीख औषधानंतरची, म्हणजे येता शुक्रवार, धरण्यात यावी व तोपर्यंत तिला जिवंत समजून उपचार करण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. सोबत : उजव्या पंजाचा ठसा.”