चतुराबाईचा अंदाज

उजेडाच्या पाटीवर लावलेल्या काळ्या फिल्मकडे चतुराबाई टक लावून बघत होती. मणक्याच्या डाव्या अंगाला आल्याच्या गड्ड्यासारखं काहीतरी पांढरंफटक दिसत होतं, त्याला तीन फाटे फुटलेले. डॉक्टर राजनंदिनींनी पेनाचं टोक त्याच्याभोवती फिरवलं आणि सांगितलं, मावशी, हा तुमचा मुतखडा.

चौपन्न वर्षं ती हे अंग वागवत होती. आपल्या पोटात असलं झाड वाढतंय आणि आपल्याला पत्ता नाही, आणि या कालच्या पोरीला ते खुर्चीत बसून दिसतंय, याचं तिला एवढं नवल वाटलं की कुशीतली कळ ती घटकाभर विसरलीच.

खरं तर आतलं ओळखणं हे तिचंच काम. घाटनांदूरच्या आसपासच्या वस्त्यांवरची मेंढरं राखणारी माणसं गाभण मेंढी घेऊन तिच्याकडे येत. कास किती भरली, शेपटीच्या बुडाशी खळगा पडला का, मेंढी कळपापासून बाजूला उभी राहते का, एवढं बघून ती पोटावर हात ठेवायची आणि कधी विणार, एक की जुळं, सांगून मोकळी व्हायची. पोटुशी बायामाणसंही येत. चतुराचा शब्द खाली पडत नाही, असं तिचा नवरा सिदू चारचौघांत सांगायचा.

म्हणूनच तिने डॉक्टरला जो प्रश्न विचारला, तो घाबरलेल्या रोग्याचा नव्हता. एका जाणतीने दुसरीला विचारावं तसा होता.

"पाठीला भोक पाडून खडा काडनार म्हंता. समदा निगंल का न्हाई, ते आदीच कसं कळतं तुमाला?"

राजनंदिनी केजकडच्या, ही बोली त्यांच्या कानाची. चतुराबाईच्या मेंढ्यांविषयी त्यांना तिच्या सुनेकडून, मोहिनीकडून आधीच कळलं होतं. त्यांनी टेबलाच्या खणातून एक जाड वही काढली. खडा केवढा, फाटे किती, कोणत्या कोपऱ्यात बसलाय, किडनी सुजली का, आधी ऑपरेशन झालंय का, अशा खुणा त्या प्रत्येकाच्या बघत. त्यावरून ऑपरेशनच्या आधीच अंदाज लिहून खाली सही करत. ऑपरेशननंतर पुन्हा फोटो काढून शेवटचा चौकोन भरत. एका ओळीत एक माणूस.

चतुराबाईला वाचता येत नव्हतं, पण काही ओळींच्या शेवटी लाल शाई होती ती दिसली. ती कशाची, असं तिने विचारलं.

"तिथं माझा अंदाज चुकला."

"आन् ते तुमीच लिवून ठिवता?"

"ठेवावं लागतं, मावशी. नाहीतर बरोबर आलेलंच ध्यानात राहतं. मग वाटायला लागतं, आपल्याला सगळंच कळतं."

लाल किती, असं चतुराबाईने हळूच विचारलं. एकशे सहा ओळींत एकोणीस, डॉक्टरांनी न मोजता सांगितलं. मग फिल्मकडे पुन्हा बघून म्हणाल्या, की तुमच्यासारख्या दहाजणींत सातजणींचा खडा एकाच वेळी निघतो, तिघींचा एखादा तुकडा राहतो. तुमचा सगळा निघेल, असं मी लिहिते. ऑपरेशन नाही केलं तर मात्र ही किडनी दोन-तीन वर्षांत वाया जाईल.

चतुराबाई वर्षभर ऑपरेशनला नको म्हणत आली होती. झाडपाल्याचे काढे पिऊन झाले होते, नवस बोलून झाला होता. मोहिनीने किती समजावलं, तरी ती हलली नव्हती. त्या दिवशी मात्र तिने अंगठा पुढे केला. घरी आल्यावर सिदूने विचारलं, आता काहून तयार झालीस? तिला नीट सांगता आलं नाही. ती बाई खोटं बोलायची न्हाई, एवढंच म्हणाली.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. छातीखालचा भाग बधिर करून पालथं झोपवलेलं, त्यामुळे खडा फोडताना होणारी बारीक टकटक तिला ऐकू येत होती. दुसऱ्या दिवशी एका बाटलीत विटकरी रंगाची खडी आणून दाखवली. मोहिनी बाटली हलवून हलवून बघत राहिली. फोटो तिसऱ्या दिवशी निघाला.

त्या दुपारी राजनंदिनी स्वतः आल्या. बरोबर कुणी नव्हतं. खाटेजवळचं स्टूल ओढून बसल्या आणि वही मांडीवर घेतली.

"मावशी, माझा अंदाज चुकला. खालच्या कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा राहिलाय."

घाबरायचं कारण नाही, भरपूर पाणी प्या, तो आपोआप पडूही शकतो, तीन महिन्यांनी फोटो काढून बघू, असं त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. मग खिशातून लाल पेन काढून तिच्यासमोरच शेवटचा चौकोन भरला. ही ओळ माझी का, असं चतुराबाईने विचारलं. डॉक्टर हो म्हणाल्या. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. शाई ओली होती, बोटाला थोडी लागली.

तुकडा राहिल्याचं तिला फारसं वाटलंच नाही. ती बघत होती त्या तरण्या पोरीच्या तोंडाकडे. एवढी शिकलेली, पांढऱ्या कोटातली बाई एका मेंढरं राखणारीपुढे बसून चुकले म्हणाली, आणि तिचं काही कमी झालं नाही. उठून ती पुढच्या खाटेकडे गेली. असं करता येतं, हे चतुराबाईला आजवर माहीतच नव्हतं.

चार दिवसांनी सुट्टी मिळाली. सासू-सून अंबाजोगाईच्या स्टँडवर बाकड्यावर बसल्या. घाटनांदूरची गाडी यायला अवकाश होता. मोहिनीने पाण्याची बाटली पुढे केली. चतुराबाईने ती हातात धरली, प्यायली नाही.

आठ वर्षांपूर्वी मोहिनीला पहिल्या कळा सुरू झाल्या तेव्हा परमेश्वर, चतुराबाईचा लेक, जीप आणायला निघाला होता. चतुराबाईने सुनेच्या पोटावर हात ठेवला आणि घरीच सुखरूप होईल म्हणून त्याला दारातूनच मागे फिरवलं. दिवस मावळायच्या आत बाळ आलं, गळ्याभोवती नाळेचा वेढा घेऊन. रडलं नाही. देवानं नेलं, असं वस्ती म्हणाली. चतुराबाईही तेच म्हणाली. दुसऱ्या महिन्यात लोक पुन्हा मेंढ्या घेऊन तिच्या दारात आले. त्या दिवसाचं घरात पुन्हा कुणी काही बोललं नाही. नंतर दवाखान्यात शिवकन्या झाली, ती आता शाळेत जाते.

"मोहिने," चतुराबाई समोर बघत म्हणाली, "त्या दिशी मी चुकलते. परमेश्वर गाडीला निगालता. मीच थांबिवलं त्याला. देवानं काय केलं न्हाई. मी चुकलते."

स्टँडवर परळीची गाडी लागली, माणसं धावली, गाडी गेली. मोहिनीने पदराचं टोक बोटाला गुंडाळून पुन्हा सोडलं.

"मला दाखिवलंच न्हाई कुनी," ती शेवटी म्हणाली. "तुमीच गुंडाळलं, मामंजींनी नेलं. आत्या, कशी व्हती ती?"

सगळ्या घरात हे एकट्या चतुराबाईला ठाऊक होतं. तिने डोळे मिटले.

"केस लई व्हते. काळेभोर, मानंपस्तोर. कपाळ तुज्यावानी. उजव्या हाताची मूट मिटल्याली व्हती, मी उगडून बगितली, पुन्ना मिटून ठिवली."

"आनिक?"

चतुराबाई सांगत राहिली. घाटनांदूरची गाडी फलाटाला लागली. कंडक्टरने दोनदा हाक दिली, या दोघींकडेही बघितलं, मग घंटी वाजवली. गाडी भरून निघून गेली. त्या दोघी बाकड्यावर बसूनच होत्या.